कागदाची दाल मिल

कागदाची बारीक नळी वळायची तर मला सायकलच्या चाकातली तारच लागते. विणकामाच्या सुया वापरून पाहिल्या, पण त्या टोकाकडे निमुळत्या होतात आणि नळी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक निघते. तार सगळीकडून सारखी. तिची आकडी कापून टाकायची, दगडावर घासून टोक गोल करायचं आणि वरून मेणबत्ती फिरवायची, म्हणजे खळ लागली तरी कागद तिला चिकटत नाही. कागदालाही उभं-आडवं असतं. तो फाडून पाहिला की कळतं. ज्या दिशेने सरळ फाटतो त्या दिशेला नळीची लांबी ठेवायची, नाहीतर वळताना कागद मोडतो आणि नळीला कंगोरे पडतात. मग पट्टीच्या कडेवरून कागद एकदा ओढून घ्यायचा. तो आपणहून वळायला लागतो. पहिला वेढा कोरडा, खळ दुसऱ्या वेढ्यापासून. खाली सायकलच्या ट्यूबचा चिरून सपाट केलेला तुकडा, वर तळहात, आणि एकाच दिशेने पुढे लोटत न्यायचं. मागे आणलं की वेढे सैल होतात. शेवटी नळी ओलसर असतानाच तार पिळून बाहेर काढायची. ती निघताना आत हवा ओढली जाते आणि एक अगदी बारीक आवाज होतो, झोपलेल्या माणसाने श्वास घेतल्यासारखा.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी विज्ञानाची पदवीधर आहे, आणि आमच्या घरात पदवी घेतलेली पहिलीच. मालेगावातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेल्या वेळात मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करून देते. धरण, हृदय, पवनचक्की, ठिबक सिंचन. ठिबक सिंचनात नळ्याच नळ्या, तिथेच माझा हात बसला.

माझे वडील मेडशी रोडवरच्या एका दाल मिलमध्ये हमाल होते. मिल एका जैन कुटुंबाची. रिठदपासून जऊळक्यापर्यंतची तूर तिथे यायची आणि डाळ होऊन बाहेर पडायची. मालकांना सगळे शेठजी म्हणायचे. मी त्यांना काकाजी म्हणायचे, कारण त्यांनीच मला तसं म्हणायला लावलं होतं. आमचं घर एका खोलीचं. दहावीनंतर अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा काकाजी वडिलांना म्हणाले होते, "पोरीले गादीवर बसू दे. तठी पंखा हाये."

गादी म्हणजे मिलचं ऑफिस. तिथे एका कोपऱ्यात बसून मी बारावी केली, मग कॉलेजची सगळी वर्षं केली. भिंतीपलीकडे मिल चालायची. मोटर, पट्टे, चाळण्या, तूर भरडणारे रोलर, सगळ्यांचा मिळून एकच जाड, सलग आवाज भिंतीतून यायचा. सुरुवातीला डोकं दुखायचं. पुढे पुढे लाइट गेली आणि तो आवाज थांबला, की वाचलेलं मला कळेनासं व्हायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात आला की मी आधी डोळे मिटून तो आवाज आठवायची. त्या घराचे उपकार मी कशाने फेडणार होते, मला माहीत नव्हतं.

रस्ता चार पदरी झाला. काकाजींचा मुलगा पुण्यात स्थायिक झाला. मिल विकली गेली, मशिनरी गॅसकटरने कापून भंगारात नेली, आणि आता त्या जागेवर लग्नाचं लॉन आहे. माझे वडील त्याआधीच वारले होते. काकाजी आणि काकीजी जन्मभर मिलच्या आवारातच राहिले होते, ते गावातल्या छोट्या घरात आले. आणि तिथे आल्यावर काकाजींना विसर पडायला लागला.

माणसांची नावं ते विसरले नाहीत. मिल गेली, एवढंच विसरले. सकाळी मंदिरातून आले की पायातली चप्पल न काढता पुन्हा निघायचे, मोटर चालू करायला. दोन वेळा ते हायवेच्या दुभाजकावर उभे सापडले. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि ते मधोमध उभे राहून लॉनच्या गेटकडे पाहत होते. एकदा एसटीत बसून मेडशीपर्यंत गेले. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून त्याने परतीच्या गाडीत घालून आणलं. मुलाने फोनवर सांगून टाकलं की बाबा पुन्हा एकदा जरी रोडवर गेले, तर मी दोघांनाही पुण्याला घेऊन जाईन.

हे मला काकीजींनी सांगितलं. त्या फाटकाशी उभ्या राहून बोलत होत्या, एक हात कडीवर.

"बरं होईल की, काकीजी," मी म्हटलं. "दादांजवळ राहाल."

"मागच्या साली नेलं होतं नं," त्या म्हणाल्या. "लय उंच मजला. खाली पाह्यलं तं माणसं तुरीच्या दाण्याएवढी. हे दाराशीच बसून राह्यले, मिलले जायचं म्हणून. जेवण सोडलं. परत आणलं तवा पोत्यात हाडं भरल्यावानी झाले होते. आता नेलं तं दोघं जाऊ अन् मी एकटी येईन. लिहून घे."

त्यांनी माझ्या खळ लागलेल्या बोटांकडे पाहिलं.

"तू ते पुठ्ठ्याचं करते नं पोराईसाठी?" त्यांनी विचारलं. "मले मिल करून दे. घरातच मिल असली तं हा माणूस बाहेर कायले जाईन?"

मला ती थट्टा वाटली. काकीजींना थट्टेची सवय आहे. पण कडीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी त्यांच्या समोरच्या खोलीत काम सुरू केलं. काकीजींच्या दोन अटी होत्या. सरेस वापरायचा नाही, कारण तो हाडांपासून करतात. आणि मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचा नाही. बुक बाइंडिंगवाले खळीला किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात, मीही घालते.

"मग कसर लागेल, काकीजी. कागद खाऊन टाकेल."

"खाऊ दे. कसरीले बी पोट हाये."

मिल उभी करायची म्हणजे अर्धं काम नळ्यांचंच. रोलर, शाफ्ट, धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचे पाय, छताला टेकलेले खांब. बारीक नळ्या तारेवर वळल्या, जाड पेन्सिलवर. भुसा बाहेर फेकणारे पाइप सगळ्यात जाड होते. त्यांची एक रांगच भिंतीतून बाहेर यायची, तशीच मी लावली, उघडी तोंडं खिडकीकडे. खाली बूट-चपलांच्या खोक्यांचा पोकळ ओटा केला. फोटो एकही नव्हता. मी माझ्या आठवणीवर करत होते आणि काकाजी शेजारी पाटावर बसून पाहत होते. एखादी नळी उचलायचे, बोटात फिरवायचे.

"हा पाइप वाकडा होता," एकदा म्हणाले. "सरळ काहून केला?"

मी वाफेवर धरून तो वाकवला. मग मला आठवलं की खरंच तो वाकडा होता. माल उतरवताना ट्रकचा धक्का लागला होता.

छत बसवलं त्या दिवशी काकाजी हाताची कोपरं जमिनीला टेकवून वाकले आणि मिलच्या दारातून आत पाहायला लागले. दार माझ्या दोन बोटांएवढं. ते एक डोळा लावून इतका वेळ पाहत राहिले की काकीजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग मान न वळवता ते मला म्हणाले, "तुहा बाप पोते उतरवून राह्यला. थांब जराशी. संगंच जाय घरी."

मी थांबले. घरी आई वाट पाहत होती, निघायची वेळ होऊन गेली होती, तरी मी काकाजींचा डोळा त्या दारावरून हटेपर्यंत बसून राहिले. त्यानंतर मी स्वतः त्या दारातून कधी आत पाहिलं नाही.

काकीजींचा तोडगा लागू पडला. मंदिरातून आले की काकाजी चप्पल काढून मिलजवळ बसायचे. छताची धूळ मऊ फडक्याने झटकायचे, भिंतीवर मी रंगाने काढलेल्या स्विचवर बोट ठेवायचे. काकीजींनी फाटकाची कडी दिवसा काढून ठेवायला सुरुवात केली. पण आषाढात ते पुन्हा अस्वस्थ झाले. स्विचवर बोट दाबून दाबून तिथला रंग उडाला. "आवाज काहून नाही?" ते विचारायचे. "लाइट गेली काय?" आणि उठून चपला शोधायचे. कडी परत लागली.

श्रावणात एका रविवारी दुपारी मी तिथे गेले. एक खांब सुटला होता, तो चिकटवायचा होता. काकाजी शेजाऱ्यासोबत मंदिरात गेले होते. काकीजी आतल्या खोलीत पडल्या होत्या. पंखा बंद, खिडकी उघडी, बाहेर पाऊस नुकताच थांबलेला. मी खांबाला खळ लावली आणि तो धरून बसले.

मिल चालू झाली.

मी दुसरा शब्द वापरू शकत नाही. तोच जाड, सलग आवाज, फार दूरवरून, भिंतीतून यावा तसा. मी पंख्याकडे पाहिलं, फ्रिज आतल्या खोलीत होता तो बंद होता, बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं. मी तळहात छतावर ठेवला. पुठ्ठा थरथरत होता. आवाज थांबला. मी श्वास सोडला, तोच पुन्हा सुरू झाला. गादीवर बसलेली असताना माझ्या मांडीवरच्या पुस्तकात जी थरथर यायची, तीच.

मी बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिले. मागून काकीजी आल्या.

"तुले बी आला आयकू?" त्यांनी हळूच विचारलं. "मले वाटलं मीच याच्यावानी झाली."

"कधीपासून येतो?"

"झाले काही दिवस. दुपारचाच येते. णमोकार मंत्र म्हणून पाह्यला, थांबत नाही. मेलेलं मशीन कुठी बोलते काय, सांग."

"काकाजी काय म्हणतात?"

"ते काय म्हणतीन. मिल चालू झाली म्हंतात. मिलच्या टायमाले चहा मागतात." त्या थांबल्या. "चपला मातर हुडकत नाहीत आता."

त्यांच्या आवाजात भीती होती आणि दिलासाही होता. दिलाशामुळेच त्या भीतीबद्दल कुणाशी बोलल्या नव्हत्या.

मी पुढच्या रविवारी सकाळीच गेले आणि खिडकीजवळ बसून राहिले. ऊन वर आल्यावर गजांमधून एक सडपातळ, काळी-पिवळी माशी आत आली. पोटाशी हिरवी अळी धरलेली. सोयाबीनवर असते तसली. ती भुशाच्या एका पाइपच्या तोंडाशी बसली, अळी ओढत आत गेली, आणि मिल वाजायला लागली. मग मी रांगेकडे नीट पाहिलं. काही पाइपांची तोंडं मातीने लिंपलेली होती, गवंड्याने लिंपावी तशी गुळगुळीत. कुंभारीण माशी. तिला बिळाएवढी पोकळी मिळाली की ती घर करते. चिखल थापताना तिच्या पंखांचा गुंजारव होतो, आणि माझ्या नळीत, त्या पोकळ खोक्यांवर, तो मोठा होऊन खोलीभर पसरत होता.

मी धावत आत गेले आणि काकीजींना सगळं समजावून सांगितलं. पदवीचा उपयोग झाल्याचा मला आनंद झाला होता. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"म्हंजे माशा मिलमंधी कामाले लागल्या."

"हो. घाबरायचं काही नाही."

"पण सूर तोच कसा?" त्यांनी विचारलं.

नळी पेन्सिलवर वळली म्हणून तसा सूर निघाला, एवढं मी सांगू शकते. त्या जाडीच्या नळीला नेमका तोच सूर का लागावा, ते मला आजही माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. माती लावून बंद केलेल्या प्रत्येक नळीत काय असतं, ते मी शिकले आहे. आत अळ्या असतात. मेलेल्या नसतात. माशीने डंख मारून त्यांना निश्चल केलेलं असतं, आणि त्यांच्याजवळ एक अंडं असतं. त्यातून पिल्लू बाहेर येऊन त्यांना खाईपर्यंत त्या अळ्या ताज्या राहाव्या लागतात. मी वळलेल्या, मेण फिरवलेल्या पेन्सिलवरून सोडवलेल्या नळ्या. त्या खोलीत बसलं की माझी नजर रांगेकडे जायची आणि मी मनात म्हणायची, यातलं काही झोपलेलं नाही.

"काढायच्या का नळ्या?" मी विचारलं होतं. "दुसऱ्या लावते."

"जीव हायेत आत. राहू दे," काकीजी म्हणाल्या. मग बाहेरच्या खोलीकडे हनुवटी केली. "अन् पाह्य नं, किती निवांत बसले."

काकाजी खरंच निवांत होते. पाठ सरळ, हात मांडीवर, डोळे अर्धवट मिटलेले. दिवसभराच्या कामाचा मेळ मनात लावत बसलेला मालक.

भादव्यात नळ्या वाढत्या संख्येने लिंपल्या गेल्या. आश्विनात मातीला एकेक भोक पडायला लागलं. आतली पिल्लं मोठी होऊन उडून गेली. एका दुपारी मी गेले तेव्हा खोली गप्प होती. मी प्रत्येक नळीत फुंकर घालून पाहिली. काही नळ्यांतून कोरडी टरफलं बाहेर आली.

काकाजी उठले होते. "लाइट गेली," म्हणत ते फाटकापर्यंत पोचले होते. काकीजी आडव्या गेल्या तर त्यांनी ढकललं. त्या ओट्यावर पडल्या आणि त्यांचं कोपर सुजलं. शेजाऱ्याने मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, दिवाळीला गाडी घेऊन येतो, जाताना दोघांना घेऊनच जातो.

मी जे सुचलं ते केलं. मोबाइलवर एका पिठाच्या गिरणीचा आवाज भरून आणला आणि मिलच्या मागे ठेवला. काकाजी हसले. "हा रेडिओ हाये. बंद कर." विज्ञानाच्या पेटीतली छोटी मोटर खोक्यात बसवली. ती सेलवर फिरायला लागली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "मिक्सर कायले लावला वं आता?"

काकीजी हसल्या नाहीत. त्या दाराला टेकून उभ्या होत्या आणि मिलकडे नव्हे, काकाजींच्या हातांकडे पाहत होत्या. ते हात पाटाच्या कडेवर होते, उठायच्या तयारीत.

त्यानंतर सत्र परीक्षेचे पेपर आले, दिवाळी आली, माझं जाणं झालं नाही. मुलगा न्यायला येणार त्या दिवशी दुपारी मी गेले. निरोप द्यायचा, असंच ठरवून गेले होते. गाडी बाहेर उभी होती. फाटक सताड उघडं होतं.

ओट्याच्या पायरीवरच मला ते ऐकू आलं. मिल चालू होती.

आत काकाजी मिलजवळ पाटावर बसले होते, पाठ सरळ. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, मधोमध उभा होता. हातात गाडीची किल्ली.

"हे तू केलं?" त्याने मला विचारलं. "आवाज बी टाकला काय आतमधी?"

"नाही, दादा."

"मी याच आवाजात झोपायचो लहानपणी." त्याने एक बोट छतावर ठेवलं आणि लगेच उचललं. छत थरथरत नव्हतं. ते त्याला जाणवलं की नाही, माहीत नाही. मला खिडकीकडच्या नळ्या दिसत होत्या. सगळ्यांच्या तोंडाशी जुन्या मातीच्या फुटक्या कडा. आत कुणी नव्हतं.

"बाबा," दादा म्हणाला, "चला नं. गाडी आणली."

काकाजींनी वर पाहिलं. "मिल चालू असताना मालक उठते काय? एवढं शिकला, अन् हेच नाही शिकला."

"मग केव्हा येता?"

"सीझन संपू दे."

दादा हसला. मग त्याने तोंड दुसरीकडे केलं आणि मला म्हणाला, "पाणी आण बरं जरा."

मी स्वयंपाकघरात गेले. काकीजी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. समोर तांदळाचं ताट. ओठ बंद. गळ्याची शीर उडत होती आणि तो आवाज त्यांच्या नाकातून, छातीतून, सगळ्या अंगातून येत होता. मध्येच थांबून त्यांनी पटकन श्वास घेतला आणि सूर पुन्हा धरला. पायरीवर उभी असताना तेवढीच फट मी ऐकली होती. लाइट जराशी मंदावली की मिलचा आवाज तसा बुडायचा, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं. हात हलवून, पाणी घे आणि बाहेर जा, अशी खूण केली. आवाज तसाच होता.

मी पाणी नेऊन दिलं. दादाला काही सांगितलं नाही. तो बराच वेळ काकाजींच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला, मग म्हणाला, "बरे दिसतात बाबा. इथंच राहू दे तं." निघताना त्याने आईला हाक मारली. काकीजी बाहेर आल्या आणि खोली एकदम गप्प झाली. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांचा हात पाटाच्या कडेवर गेला.

"जाय बापू. पोचला की फोन कर," काकीजी घाईने म्हणाल्या, मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि वळल्या. त्या स्वयंपाकघरात पोचायच्या आधीच आवाज सुरू झाला. दादा चपला घालत होता, त्याच्या डोक्यात दुसरंच काही असावं. गाडी गेली.

मी काकीजींच्या समोर जाऊन बसले.

"केव्हापासून?"

त्या सूर तोडून बोलायच्या, दोन शब्द, मग पुन्हा सूर. "तुह्या माशा उडाल्या," एवढं म्हणाल्या. मग, "मी थांबली की उठतात."

"दिवसभर?"

"मिलच्या टायमाले. मंदिरातून आले की दिवस बुडेलोक."

"आणि तुम्ही जेवता केव्हा?"

स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एक ताट झाकून ठेवलेलं होतं. काकीजी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, जन्मात घेतलं नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे मिल बंद व्हायची वेळ आणि त्यांचं तोंड बंद व्हायची वेळ एकच होती. सकाळी काकाजी मंदिरात असताना थोडं खात असतील, तेवढंच. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. बांगड्या कोपराच्या दिशेने घसरत होत्या. पुण्याहून परत आणलेले काकाजी मला आठवले. आता बाहेर बसलेल्या काकाजींचे गाल भरलेले होते.

खिडकीच्या वरच्या गजावर अजून ऊन होतं.

"तुमी जेवा," मी म्हटलं. "मी धरते."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मले येते, काकीजी. मी पंधरावीपर्यंत हेच आयकलं."

मी घरचीच बोली बोलले, ते नंतर लक्षात आलं. मी ओठ मिटले आणि सुरू केलं. काकीजी थांबल्या. बाहेरच्या खोलीत पाट सरकला.

"पट्टा ढिला झाला," काकाजींचा आवाज आला. "कोण हाये रे मशीनवर?"

मी दाराशी गेले. ते एका गुडघ्यावर उठले होते, नजर फाटकाकडे. माझा सूर वर गेला होता, मला कळत होतं, आणि श्वास पुरत नव्हता. मी भिंतीला पाठ टेकवली आणि सूर खाली सोडत गेले, खाली, गळ्यातून छातीत, जिथे तो बाईचा राहत नाही, पुरुषाचाही राहत नाही. पाठीमागची भिंत त्याने भरली. काकाजींचा गुडघा परत जमिनीला टेकला. मागे स्वयंपाकघरात ताटावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला, मग भाकरी मोडल्याचा.

काकीजी किती जेवल्या ते मला दिसत नव्हतं, आणि विचारता येत नव्हतं. गजावरचं ऊन एका बोटाएवढं उरलं होतं. काकाजींनी माझ्याकडे न पाहताच एक हात वर केला आणि पंजा हवेत हळूहळू दोनदा ढकलला, चालू ठेवा म्हणून.

मी चालू ठेवलं.